डिस्क म्हणते ‘मी जाणार’, सर्व्हर म्हणतो ‘सगळं छान’: ऐकायचं कुणाचं?

ताई, तुमचा प्रश्न लांब आहे, म्हणून इतरांसाठी आधी थोडक्यात मांडतो. ग्वाल्हेरला मुरारमध्ये मामांचं सी.ए.चं ऑफिस, तिथे एक जुना टॉवर सर्व्हर. लिनक्स, रेड ५ मध्ये चार डिस्क (म्हणजे डेटा चौघींवर असा वाटलेला की एक गेली तरी तो वाचतो), सगळ्या क्लायंटचा टॅलीचा डेटा त्याच्यावर. घरात कॉम्प्युटर कळणाऱ्या तुम्हीच, म्हणून जबाबदारी तुमच्यावर. आता कंट्रोलर, म्हणजे या डिस्क सांभाळणारं कार्ड, एका डिस्कपुढे ‘प्रेडिक्टिव्ह फेल्युअर’ (लवकरच जाणार) दाखवतो, पण स्मार्टसीटीएलने, म्हणजे डिस्कची तब्येत वाचणाऱ्या प्रोग्रॅमने, पाहिलं तर त्याच डिस्कला ‘पास्ड’, आणि रेडची अवस्था ‘ऑप्टिमल’. रोज सकाळी ९:४० च्या आसपास तापमानाची ‘वॉर्निंग’ येते, जेव्हा ऑफिस उघडलेलंही नसतं. सेन्सर बिघडलाय असं समजून तुम्ही त्या इशाऱ्यांचे मेल बंद केले. एका पॉवर सप्लायपुढे ‘नो रीडिंग’ येतं. मामा म्हणतात, “चालतंय ना? मग हात लावू नकोस.”

इथल्या लष्कर भागात सर्व्हर दुरुस्त करण्यात माझी चोवीस वर्षं गेली. हे मामा मला दर महिन्याला कुठे ना कुठे भेटतात. त्यांचं अगदीच चूक नाही, ते पुढे येईल.

तुम्ही विचारलंय की यातलं खरं कोण बोलतंय. माझ्या मते चौघंही खरंच बोलताहेत. जुन्या वाड्यात चार बिऱ्हाडं असतात, ‘सगळं ठीक ना?’ म्हणून विचारलं तर एकाला नळाचं पाणी आठवतं, दुसऱ्याला गळकं छप्पर, तिसरा घरात नसतोच, आणि चौथा गेल्या दिवाळीची गोष्ट सांगतो. सर्व्हरमधल्या अवस्थांचंही तसंच आहे. अवस्था वाचताना मी आधी दोन गोष्टी पाहतो: हे म्हणतंय कोण, आणि कधीचं म्हणतंय. शब्द लाल आहे की हिरवा, हे त्यानंतर.

‘ऑप्टिमल’पासून सुरू करू, कारण मामांचा भरवसा त्याच्यावर आहे. हा शब्द कंट्रोलर पूर्ण रेडबद्दल वापरतो, आणि त्याचा अर्थ इतकाच की चारही सभासद हजर आहेत, हाक मारली तर ओ देतात. एखादा खंगलाय का, हे त्यात येत नाही. रेड ५ मध्ये एक डिस्क गेली की तीच अवस्था ‘डिग्रेडेड’ होते, आणि तेव्हा जागं होणाऱ्याला आणखी एकही डिस्क गमावायची सोय उरलेली नसते. तुम्हाला अजून एकीची आहे.

आता ‘पास्ड’. इथे मला शंका आहे की तुम्ही दुसऱ्याच डिस्कचं प्रगतिपुस्तक वाचलंय. कंट्रोलरच्या मागची डिस्क वाचायला स्मार्टसीटीएलला एक क्रमांक द्यावा लागतो. तो क्रमांक कंट्रोलरने डिस्कला दिलेला असतो, आणि तो स्लॉटच्या क्रमांकाशी जुळेलच असं नाही. मधे कधी डिस्क बदलली असेल तर हमखास गोंधळ होतो. म्हणून क्रमांकावर जाऊ नका, सिरियल नंबर जुळवा. कंट्रोलर प्रेडिक्टिव्ह फेल्युअरवाल्या डिस्कचा सिरियल नंबर देतो, स्मार्टसीटीएलच्या अहवालातही तो वरच्या भागात असतो. दोन्ही कागदावर लिहा आणि अक्षर न् अक्षर ताडून पाहा. बी आणि आठ, ओ आणि शून्य, यात मीही फसलोय.

आणि ‘पास्ड’ शब्दावरून आणखी एक कळतं: तुमच्या डिस्क साटा जोडणीच्या आहेत. सॅस या दुसऱ्या प्रकारच्या असत्या तर तिथे ‘ओके’ लिहून आलं असतं. साटा असल्यामुळे तुम्हाला खाली गुणधर्मांचा पूर्ण तक्ता मिळेल, आणि खरी माहिती त्यात आहे. वरच्या ‘पास्ड’चा अर्थ एवढाच की बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच ठरवलेली धोक्याची रेघ सध्या कुठल्याही महत्त्वाच्या गुणधर्माने ओलांडलेली नाही. ती रेघ बरीच खाली आखलेली असते. ३३ टक्क्यांना पास करणाऱ्या परीक्षेसारखं समजा.

सिरियल नंबर जुळला आणि तरीही दोन उत्तरं वेगळी असली, तरी गडबडू नका. काही कंट्रोलर एकदा आलेला इशारा मोजून लक्षात ठेवतात, डिस्क नंतर सावरल्यासारखी दिसली तरी पुसत नाहीत. अशा वेळी मी कंट्रोलरच्या बाजूने असतो.

तक्त्यात पाहायचं काय? चार ओळी, आणि त्यातही शेवटचा कच्चा आकडा. ५ क्रमांकाची ओळ म्हणजे खराब झाल्यामुळे राखीव जागेत हलवलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे डेटा ठेवायचे छोटे कप्पे. १९७ म्हणजे वाचता न आलेले, निर्णय बाकी असलेले. १९८ म्हणजे डिस्कने स्वतः तपासताना जे वाचता आलेच नाहीत ते. या तिन्ही ठिकाणी शून्य असायला हवं. ५ मध्ये आठ-दहाचा आकडा वर्षभर तसाच असेल तर मी झोपतो, पण सोमवारी ८, गुरुवारी २४ आणि शनिवारी ९६ असं दिसलं तर शनिवारीच डिस्क आणायला निघतो. आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची, म्हणून आजचा तक्ता तारीख घालून जपून ठेवा. चौथी ओळ १९९ ची, आणि ती वेगळी आहे: तिथला आकडा वाढत असेल तर आधी केबल आणि बॅकप्लेनच्या (डिस्क ज्यात बसतात त्या पट्टीच्या) जोडणीवर संशय घ्यायचा, डिस्कवर नंतर. हा आकडा आयुष्यभराचा असतो, केबल बदलली तरी खाली येत नाही, फक्त वाढायचा थांबतो. नव्या मुलांचा इथे फार गोंधळ होतो. आणि सीगेटच्या डिस्कवर पहिल्याच ओळीत कोटींमधला आकडा दिसला तर घाबरू नका, तो एकात एक गुंफून लिहिलेला असतो, सरळ वाचायचा नसतो.

हे सगळं शून्य असलं तरी डिस्क जाऊ शकते. गूगलच्या तीन अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्के डिस्कमध्ये चार मुख्य लक्षणांपैकी एकही आधी दिसलं नव्हतं. पण त्याच अभ्यासात हेही आहे की तपासणीत पहिली वाचन-चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत जाण्याची शक्यता बिनचुकीच्या डिस्कच्या ३९ पट होती. म्हणजे डिस्क गप्प असली तर तिचं काही सांगता येत नाही, पण ती बोलली तर ऐकायचं. तुमची बोललीय. बदला.

कधी आणि कशी, हे मात्र तीन गोष्टींवर अवलंबून आहे: बॅकअप आहे का, टॉवरमध्ये रिकामा स्लॉट आहे का, आणि उरलेल्या तीन डिस्क कशा आहेत. तिसरी गोष्ट बहुतेक लोक पाहत नाहीत. चारही डिस्क एकाच दिवशी घेतलेल्या असतात, त्याच धुळीत आणि त्याच उन्हाळ्यांत राहिलेल्या. एक काढून नवी टाकली की कंट्रोलर उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचतो. वर्षानुवर्षं कुणी न वाचलेला सेक्टर तेव्हा वाचला जातो आणि तिथे दुसरी डिस्क अडखळली तर तेवढा डेटा गेला. म्हणून आधी बॅकअप, बाहेरच्या डिस्कवर, आणि त्यातला एका कंपनीचा हिशेब दुसऱ्या मशीनवर टॅलीत उघडून पाहायचा. मग तिन्ही डिस्कच्या ५, १९७, १९८ च्या ओळी. रिकामा स्लॉट असेल तर नवी डिस्क तिथे बसवा आणि जुनीवरून नवीवर नक्कल करून घ्यायची सोय कंट्रोलरमध्ये आहे का पाहा. बऱ्याच कंट्रोलरमध्ये असते, आणि त्यात रेड एक क्षणही उघडी पडत नाही. स्लॉट नसेल तर आजारी डिस्क आधी आज्ञा देऊन ‘ऑफलाइन’ करायची, मग इंचभर ओढून अर्धा मिनिट थांबायचं, म्हणजे आतली तबकडी फिरायची थांबते, आणि मग काढायची.

आता माझी एक चूक सांगतो, म्हणजे तुमची टळेल. पाटणकर बाजाराजवळ एका ऑफिसात असाच चार डिस्कचा टॉवर होता आणि एक डिस्क मेलेली, रेड ‘डिग्रेडेड’. स्क्रीनवर ‘स्लॉट २’. मी वरून एक, दोन मोजलं आणि डिस्क ओढली. मोजणी शून्यापासून होती. मी ओढली ती चांगली डिस्क होती. मेलेली आधीच मेलेली, आता दुसरीही बाहेर, म्हणजे रेड ५ संपली. पंख्यांचा आवाज तसाच चालू होता आणि बाहेरच्या खोलीतून एक बाई म्हणाल्या, “अहो, एंट्री सेव्ह होत नाहीये.”

तिथे मी एकच गोष्ट बरोबर केली, घाईने काही दाबलं नाही. सर्व्हर बंद केला, डिस्क होती तिथेच परत बसवली, चालू केला. कंट्रोलरने तिला ‘फॉरेन’ म्हटलं. शब्द परका वाटतो, पण अर्थ एवढाच की या डिस्कवर रेडची नोंद आहे आणि ती माझ्या वहीशी जुळत नाही. समोर दोन पर्याय येतात, ‘इम्पोर्ट’ आणि ‘क्लिअर’. ‘क्लिअर’ दाबलं असतं तर ती नोंदच गेली असती. इम्पोर्ट केलं आणि रेड ‘डिग्रेडेड’ का होईना, परत आली. तेव्हापासून माझा नियम आहे की आधी कंट्रोलरला सांगून त्या डिस्कचा दिवा लुकलुकवायचा, मग हात घालायचा. आणि आठवड्यापूर्वी बाहेर पडलेल्या डिस्कला जबरदस्तीने ‘ऑनलाइन’ कधीच करायचं नाही. तिच्यावर आठवड्यापूर्वीचा डेटा असतो, तो आजच्यात मिसळला की वह्या कायमच्या बिघडतात.

मामांचं ‘हात लावू नकोस’ मला इथे पटतं: बॅकअप नसताना आणि दिवा लुकलुकवल्याशिवाय खरंच हात लावू नका.

तापमानाकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात आवडलेला भाग तो आहे. सकाळी ९:४०, खोली गार, तरी वॉर्निंग. तुम्ही सेन्सरला खोटं ठरवलंत. मी आधी घड्याळावर संशय घेईन. ही नोंद ठेवते ती मदरबोर्डवरची वेगळी छोटी चिप, बीएमसी. तिचं घड्याळ लिनक्सच्या घड्याळाहून वेगळं असतं आणि बऱ्याचदा जागतिक प्रमाणवेळेवर चालतं. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. ९:४० मध्ये साडेपाच तास मिळवा: दुपारचे ३:१०. ग्वाल्हेरमध्ये मे महिन्यात, लू म्हणजे उन्हाळी झळा वाहत असताना. आता तो सेन्सर खोटारडा वाटतो का?

खात्री करून घ्या. बीएमसीला आत्ता किती वाजले ते विचारा आणि हातातल्या घड्याळाशी ताडा. साडेपाच तासांचा फरक निघाला तर कोडं सुटलं. मग यूपीएसची नोंद काढा आणि लाइट केव्हा केव्हा गेली ते त्याच वेळांपुढे लिहा. माझा अंदाज असा आहे की दुपारी लाइट जाते, सर्व्हर यूपीएसवर निवांत चालू राहतो, पण एसी कोणी यूपीएसवर जोडत नाही. बंद खोलीत वीस मिनिटांत हवा तापते आणि सेन्सर ओरडतो. लाइट आली की तासाभरात सगळं हिरवं. अंदाज चुकूही शकतो. त्या वेळी लाइट गेलेलीच नसेल तर आत येणाऱ्या हवेचं आणि प्रोसेसरचं तापमान शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोन्ही बरोबरीने चढत असतील तर दोष खोलीचा. आतली हवा तेवढीच आणि प्रोसेसर मात्र चढतोय, तर दोष डब्यात: धूळ, थकलेला पंखा, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलेली. सर्व्हरसाठी आत येणारी हवा १८ ते २७ अंशांची असावी अशी शिफारस आहे. आपल्याकडे ३० पर्यंत मी कुरकुर करत नाही.

एक विनंती: गारव्यासाठी सर्व्हरच्या खोलीत पाण्याचा कूलर लावू नका. दौलतगंजमध्ये एकांनी लावला होता, तापमानाची अवस्था लगेच हिरवी झाली आणि सगळे खूश. दोन पावसाळ्यांनंतर मी कव्हर उघडलं तर जोडण्यांवर हिरवट बुरशीसारखा थर होता. खोलीतल्या दमटपणावर पहारा ठेवणारा सेन्सर त्या सर्व्हरमध्ये नव्हताच, मग अवस्था बदलणार कुठून?

‘नो रीडिंग’बद्दल थोडक्यात. हे ‘ठीक’ही नाही आणि ‘बिघडलं’ही नाही, ते ‘माहीत नाही’ आहे. नेजिऑससारख्या देखरेखीच्या प्रणालीत याला वेगळा कोडच असतो: ० ठीक, १ इशारा, २ गंभीर, ३ अज्ञात. लोक ३ ला राखाडी रंग देतात आणि विसरतात. दोन पॉवर सप्लायपैकी एकापुढे वाचन येत नसेल तर माझ्या अनुभवात बहुतेक वेळा त्याच्यापर्यंत वीजच पोचलेली नसते. झाडू मारताना पिन ढिली झालेली असते. मागे जाऊन दिवा पाहा, पिन दाबा. दोन्ही पिना एकाच एक्स्टेंशन बोर्डात असतील तर दुसऱ्या सप्लायचा उपयोग अर्धाच आहे, हेही त्याच वेळी बघून घ्या.

तुम्ही विचारलं नाही, पण जुना सर्व्हर म्हणालात म्हणून सांगतो. कंट्रोलरच्या बॅटरीची अवस्था कधी ‘लर्निंग’ दिसली तर तो बिघाड नाही. बॅटरी स्वतःला रिकामी करून परत भरते आणि आपली ताकद मोजते. तेवढा वेळ अनेक कंट्रोलर कॅशवर (आपल्या तात्पुरत्या मेमरीवर) भरवसा ठेवत नाहीत, प्रत्येक एंट्री थेट डिस्कवर लिहितात, आणि टॅली गोगलगायीसारखी चालते. दर काही आठवड्यांनी एक दिवस ‘सर्व्हर स्लो आहे’ अशी तक्रार येत असेल तर त्या दिवशी बॅटरी बघा.

राहिला मेल बंद करण्याचा विषय. समजू शकतो, रोज तोच मेल आला की माणूस वाचत नाही. पण बंद करण्यापेक्षा अट बदला: एका वेळच्या वाचनावर मेल नको, लागोपाठ तीन-चार तपासण्यांत तीच अवस्था टिकली तरच. झटक्याने येऊन जाणाऱ्या गोष्टी आपोआप गळतात. आणि देखरेखीच्या पानावर, जिथे सगळ्या अवस्था दिसतात, शेवटची तपासणी कधी झाली ती वेळ ठळक दिसेल अशी व्यवस्था करा. एका क्लायंटकडे मी एकोणीस दिवस हिरवं पान बघत होतो. तपासणी करणारा प्रोग्रॅमच पहिल्या दिवशी बंद पडला होता, आणि पान मात्र त्याची शेवटची ‘ठीक’ अवस्था इमानदारीने दाखवत होतं. ते मला कळलं कारण त्या ऑफिसातल्या शिपायाने फोन करून विचारलं, “साहेब, डब्यावरचा पिवळा दिवा परवापासून लुकलुकतोय, तसाच ठेवायचा का?”

तर आज संध्याकाळी ऑफिस रिकामं झालं की बॅकअप लावा, तो रात्रभर चालू दे. उद्या सकाळी सिरियल नंबर जुळवा, बीएमसीची वेळ बघा, मागची पिन दाबा. नवी डिस्क घ्याल ती निदान तेवढ्याच क्षमतेची हवी, आणि खोक्यावरच्या टीबीवर जाऊ नका, सेक्टरची संख्या बघा. थोडीशी कमी भरली तरी कंट्रोलर तिला घेत नाही. १ टीबीची डिस्क सेकंदाला १०० एमबीने भरली तर पावणेतीन-तीन तास लागतात, आणि काम चालू असेल तर त्याच्या दुप्पट-तिप्पट धरा, म्हणून शनिवारी संध्याकाळी सुरू करा. त्याआधी उरलेल्या तीन डिस्कच्या १९७ आणि १९८ च्या ओळी इथे लिहा. कुठेही शून्याऐवजी दुसरा आकडा असला तर मी पाहून उत्तर देईपर्यंत काही ओढू नका.